वच्छलाताईंचा चुंबकगाडीचा अर्ज

गफूरभाई ड्रायव्हर आमच्या वाशीमच्या घरी त्याआधी कधी आले नव्हते. त्या सकाळी ते दारात उभे दिसले, अंगात खाकी कपडे, टोपी काढून हातात घेतलेली. "भाभी, चला," एवढंच म्हणाले. मग मान खाली घालून म्हणाले, "वच्छलाबाई गेल्या. पहाटेच. गाडी तशीच इकडं घेऊन आलो मी." खरंच, गल्लीच्या तोंडाशी मंगरूळपीरहून आलेली एसटी उभी होती, माणसांनी भरलेली. खिडक्यांतून लोक आमच्या दाराकडे बघत होते आणि एकानंही उशीर होतो म्हणून कुरकुर केली नाही. ताई कावीळ अंगावर काढत आहेत हे आम्हाला ठाऊक होतं. रविवारी त्यांना वाशीमला दवाखान्यात आणायचं असं आमच्या घरच्यांनी, म्हणजे ताईंच्या भावानं, ठरवलंही होतं... तो रविवार ताईंच्या वाट्याला आला नाही.

काही दिवसांनी त्यांच्या शाळेत शोकसभा झाली. हार, उदबत्त्या, फोटो, सगळं रीतसर. भाषणं सुरू झाली आणि एक गृहस्थ उठून म्हणाले, "बाई फार विनोदी स्वभावाच्या होत्या. त्यांनी एकदा सरकारकडे लोहचुंबकावर तरंगणाऱ्या रेल्वेसाठी अनुदान मागितलं होतं!" सभा हसली. शोकसभेत एवढं मनमोकळं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. मग पुढच्यानंही तेच सांगितलं, मीठमसाला लावून, आणि त्याच्या पुढच्यानंही. मला त्या सभेत उठून बोलता आलं नाही. म्हणून आता लिहिते आहे. पहिली गोष्ट ही की वच्छलाताई विनोदी अजिबात नव्हत्या. तिरसट होत्या, हट्टी होत्या, भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवणाऱ्या होत्या. आणि दुसरी गोष्ट, तो अर्ज त्यांनी गंमत म्हणून केलेला नव्हता.

त्या माझ्या थोरल्या नणंद. नणंदा-भावजयांचं गूळपीठ जमत नाही म्हणतात. आमचंही पहिल्या वर्षी जमलं नाही. मंगरूळपीरहून आसेगावकडे जाताना रस्त्याच्या कडेला आमची बौद्धांची वस्ती आहे, तिथं मी लग्न होऊन आले तेव्हा सातवी शिकलेली होते आणि पुढं शिकायचा माझा काही विचार नव्हता. ताईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सातवीवर काहून थांबली?" मी म्हटलं, "लग्न झालं ना." तर म्हणाल्या, "लग्न झालं, डोकं तं नाई काढून घेतलं ना कोणी?" मला राग आला होता. पण त्यांनी मला मॅट्रिकपर्यंत नेलं, चुलीशी बसवून गणितं घातली, भाकरी करपली तरी त्रैराशिक सोडू दिलं नाही. आज मी हे चार शब्द लिहिते आहे ते त्या करपलेल्या भाकरीच्या जिवावर. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ताई परकरात होत्या. त्यांचे वडील त्यांना म्हणाले होते, आता कोणाच्या दारात वाकून उभं राहायचं नाही. लहान मुलीला सांगितलेली गोष्ट मोठेपणी विसरली जाते. ताई विसरल्या नाहीत, एवढाच काय तो त्यांचा दोष. अकोल्याला राहून त्या बी. एस्सी. झाल्या, हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागल्या, आणि आम्ही पुढं वाशीमला राहायला आलो तरी त्या मात्र वस्तीतच राहिल्या. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "पाहून राह्यली, अजून जुळत नाई."

बहात्तरच्या दुष्काळात वस्तीतल्या आम्ही सगळ्या बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होतो, ताईसुद्धा, त्यांना नोकरी लागायची होती अजून. मी नवी नवरी, हाताला फोड आले की रडायची. गयामाय नावाची म्हातारी माझ्या शेजारी बसायची. नवरा नाही, मूल नाही, गुडघे तेव्हापासूनच धरलेले, पण हातोडा असा चालवायची की दगडालाच दया यावी. ती मला म्हणायची, "रडू नको पोरी, हा रस्ता झाला का आपल्या दारातून गाडीत बसू." रस्ता झाला. गाडीही आली. पण ती वस्तीजवळ थांबेना. थांबा पुढं मोठ्या गावात, देवळाच्या पारापाशी. आमच्या दारावरून, आम्ही फोडलेल्या खडीवरून, एसटी धूळ उडवत जायची आणि आम्ही पोरंबाळं, गाठोडी घेऊन त्या पारापर्यंत चालत जायचो. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात पायाखाली निखारे. बाळंतीण असो की म्हातारी असो. थांब्यासाठी अर्ज केले, विनवण्या केल्या. उत्तर यायचं नाही, नाहीतर यायचं की "सदर ठिकाणी थांब्याची आवश्यकता दिसून येत नाही." ताई हे वाक्य मोठ्यानं वाचायच्या आणि म्हणायच्या, "दिसून येत नाई! अरे, पाह्यलं कधी तुमी?"

हे "पाह्यलं कधी" त्यांच्या डोक्यात बसलं. मग एक दिवस पंचायत समितीच्या फळ्यावर सूचना लागली. जिल्ह्याच्या विकासाचा आराखडा करायचा आहे, लोकांनी नव्या योजना सुचवाव्यात, योग्य वाटलेल्या योजनेच्या आखणीसाठी अनुदान मिळेल. ताईंनी सूचना उभ्याउभ्या वाचली, घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सुशीला, यात एक नियम लय चांगला हाये. जागेवर येऊन पाहणी केल्याबिगर अर्ज फेटाळता येत नाई." मी विचारलं, मग काय मागणार? विहीर? त्या म्हणाल्या, "विहीर मागितली का ते म्हणते हातपंप घ्या. हातपंप मागितला का म्हणते पुढच्या वर्षी. आपण असं मागू का त्याहून लहान काई देताच येणार नाई." आणि मग त्यांनी मला ती गाडी सांगितली. जपानात आणि जर्मनीत तिचे प्रयोग चालू आहेत. तिला चाकं टेकवावी लागत नाहीत, चुंबकाच्या जोरावर ती रुळाच्या वर तरंगते आणि वाऱ्यासारखी पळते. अशी गाडी वाशीमहून कारंज्यावरून नागपूरला जाऊ शकते, आणि तिचं पहिलं स्टेशन आपल्या वस्तीत होऊ शकतं. मी म्हटलं, ताई, लोक हसतील. त्या म्हणाल्या, "हसू दे. हसाले तरी इकडं पाहा लागन."

एक गोष्ट मात्र त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगते. नियमासाठी म्हणून त्यांनी ती गाडी निवडली असेल, पण पुढं त्यांचा त्या गाडीवर खरोखर जीव जडला. तिच्याविषयी जिथं जे छापून येईल ते त्या मिळवून वाचायच्या. आमच्याकडची माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, मग खांब किती खोल घ्यावे लागतील, वीज कुठून आणावी, यावर शाळेतल्या गणिताच्या गुरुजींशी वाद घालायच्या. त्यांच्यासाठी ते एकाच वेळी भांडणही होतं आणि प्रेमही. हे दोन्ही एकत्र असू शकतं हे शोकसभेत हसणाऱ्यांना कोण समजावणार?

वस्तीला समजावण्यासाठी त्यांनी कारंज्याच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून जुन्या स्पीकरमधली चुंबकाची दोन कडी आणली. विहाराच्या ओट्यावर बाया जमल्या. ताईंनी माझ्या स्वयंपाकघरातलं लाटणं उभं धरलं, त्यात एक कडं घातलं, मग उलटं करून दुसरं. वरचं कडं खाली येईचना. मधेच तरंगत राहिलं. दाबलं की उसळी मारून वर. गयामाय पुढं सरकली, तिनं बोटानं दाबून पाहिलं, आणि म्हणाली, "अवं, हे तं खालच्याले शिवतच नाई! म्हणजे आपल्यासारखंच झालं मंग." सगळ्या बाया खो खो हसल्या. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फरक हाये गयामाय. आपल्याले शिवत नव्हते म्हणून आपल्याले मांगं ठेवलं. हे शिवत नाई म्हणून पुढं पळते." गयामायनं ते कडं परत एकदा दाबून पाहिलं. 

अर्जात एक प्रश्न होता, योजनेत लोकांचा सहभाग काय राहील? वर्गणी द्यायला वस्तीकडे काय होतं? गयामाय म्हणाली, "आमी खडी फोडून देऊ ना. लागन तेवढी." बाकीच्या बायांनीही माना डोलावल्या. सरकारी काम म्हणजे खडी, हे आमच्या हाडात बसलेलं. ताईंनी तसंच लिहिलं, "ग्रामस्थ महिला श्रमदानाने खडी पुरवतील." आणि अर्ज जाऊन साहेब यायच्या आत आपला शब्द पुरा झालेला असावा म्हणून बाया रोज संध्याकाळी खरोखर खडी फोडायला लागल्या. रस्त्याच्या कडेला, जिथं स्टेशन व्हायचं होतं तिथं, ढीग वाढत गेला. येणारे-जाणारे विचारायचे, काय चाललंय? बाया सांगायच्या, टेसन. ते डोक्याला हात लावून पुढं जायचे.

अर्ज द्यायला ताई मला घेऊन अकोल्याला, जिल्ह्याच्या कार्यालयात गेल्या. साहेब सज्जन होते. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला, अर्ज वाचला. वाचताना त्यांच्या मिशा हलत होत्या. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, तुम्ही विज्ञानाच्या शिक्षिका ना? मग ही गाडी तर जमिनीला टेकतच नाही. हिला खडी कशाला लागते?" ताईंचा चेहरा असा पडलेला मी ना आधी पाहिला होता ना नंतर. साऱ्या वस्तीला चुंबक शिकवणारी बाई, पण दुष्काळात चार महिने खडी फोडलेली बाई त्या बाईच्या आतच बसून होती, तिनंच ते वाक्य लिहिलं होतं. क्षणभरच. मग त्या म्हणाल्या, "बरोबर हाये साहेब. खडी खोडा. बाकीचा अर्ज राहू द्या." साहेबांनी मऊ आवाजात समजावलं. वस्तीत अजून विजेचा खांब नाही, तिथं चुंबकाची रेल्वे कशी येणार? अंथरूण पाहून पाय पसरावेत. त्यापेक्षा समाजमंदिर मागा, मी स्वतः मंजूर करून देतो. ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. "साहेब, अंथरूण आमी नाई विणलं. ते आखूड विणलं कोणीतरी, आता पाय कापा म्हणता का? अन् काय मागायचं तेही तुमीच सांगून राह्यले. मी तं गाडीही नाई मागून राह्यली. गाडी इथून जाऊ शकते का, एवढं येऊन पाहा म्हणते. पाहाले काय जाते तुमचं?" साहेब हसले नाहीत. त्यांनी अर्ज आवक करून घेतला.  बाहेर आल्यावर एसटी स्टँडवर भजी घेतली आणि अचानक ताईंना हसू फुटलं. "खडी लिहिली गं मी! खडी!" आणि आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. आयुष्यात त्यांना एवढं हसताना मी तेव्हाच पाहिलं, आणि ते स्वतःवर होतं, अर्जावर नव्हतं.

वस्तीत येऊन त्यांनी सगळं सांगितलं. गयामाय कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हणजे आमी एवढी खडी फुकट फोडली?" ताई म्हणाल्या, "राहू दे. खडी कुठं पळून चालली." ढीग तिथंच राहिला.

पुढं जे झालं ते सोपं नव्हतं. अर्ज फेटाळायचा तर पाहणीला यावं लागेल आणि पाहणीला यायचं कोणालाच नको होतं. अशा अर्जासाठी वस्तीत जीप नेली तर आपलंच हसं होईल, अशी भीती असावी. मग एक दिवस पंचायत समितीतले एक वजनदार गृहस्थ स्वतःच आले. पाहणीला नाही, सौदा घेऊन. विहाराच्या ओट्यावर बसून म्हणाले, "वच्छलाबाई, तुमचा एसटीचा थांबा आम्ही मिळवून देतो. येत्या महिन्यात. फक्त तो चुंबकाचा अर्ज मागं घ्या. वर फार विचारणा होऊन राह्यली." ते गेले आणि वस्तीत दोन तट पडले. जे इतकी वर्षं मागितलं ते ताटात वाढून आलं होतं. आमचे घरचे तर आनंदानं उठूनच उभे राहिले. "ताई, घे ना थांबा! हातचं सोडून पळत्याच्या मांगं कायले लागते? तुले बी माहीत हाये, ती गाडी काई येत नाई." ताई म्हणाल्या, "माहीत हाये." "मंग?" "थांबा आपला हक्क हाये. अर्जही आपला हक्क हाये. एकाची किंमत म्हणून दुसरा काहून देऊ?" आमचे घरचे चिडले. म्हणाले, "तू तिकडं शाळेत सायकलवर जाते. गयामायचे गुडघे पाह्य अन् मंग बोल." हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच लागलं. मी मधे पडले आणि नवऱ्याला चार माणसांत सांगितलं की तुम्ही गप्प बसा. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी पुष्कळ दिवस अबोला धरला. आज ते हे वाचतील. वाचू देत.

ताई रात्रभर विचार करत असाव्यात, कारण सकाळी त्या उठून सरळ गयामायच्या झोपडीत गेल्या. मी मागोमाग गेले. त्या म्हणाल्या, "गयामाय, गुडघे तुझे हायेत. तू सांग. तू घे म्हटलं तं मी आजच अर्ज मागं घेतो." गयामाय भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटली, मग म्हणाली, "मले थांबा पाह्यजे पोरी. लय पाह्यजे. पण आपण तोंड मिटलं म्हणून दिला, असा नाई पाह्यजे. तसं तं पयले बी भेटत होतं. तोंड मिटून ठेवा, शिळं घेऊन जा." संपलं. त्याउपर कोणी काही बोललं नाही. म्हणजे समोर बोललं नाही. थांबा अर्थातच मिळाला नाही, आणि पुढचा सगळा पावसाळा गयामाय काठी टेकत त्या चिखलातून पारापर्यंत जात राहिली. काही घरांनी ताईंना लग्नाकार्याला बोलावणं सोडलं. एका बाईनं तोंडावर म्हटलं, "उंटावरून शेळ्या हाकते ही."  ताई मला म्हणाल्या होत्या, "गयामाय चालताना दिसली का मले माझाच राग येते. पण माफीचा अर्ज लिहाचा कोणाले, सांग?" मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

दिवाळीच्या आसपास कधीतरी ताईंना त्या ढिगाची आठवण झाली. खडी होतीच, मुरूम आणला, आणि बायांनी रस्त्याच्या कडेला चांगला ऐसपैस ओटा बांधला. फलाट. एका बाजूला खांबावर पाटी, तिच्यावर ताईंनी शाळेतल्या रंगानं वस्तीचं नाव लिहिलं, रेल्वे स्टेशनवर असतं तसं, पिवळ्यावर काळं. मंगरूळपीरच्या बाजाराच्या दिवशी आम्ही सगळ्या गाठोडी घेऊन फलाटावर उभ्या राहिलो. रस्त्यावर कोणीही उतरलं नाही, ताईंची तशी सक्त ताकीद होती. ताई सगळ्यांत पुढं, हातात लाल झेंडी, माझ्या लाल लुगड्याच्या पदराची. एसटी आली. ड्रायव्हर गफूरभाई. त्यांनी लांबून झेंडी पाहिली आणि गाडी हळू केली, मग थांबवली, खिडकीतून डोकं काढलं. "बाई, ये क्या है?" ताई म्हणाल्या, "टेसन हाये. लाल झेंडी दिसली का थांबा लागते." गफूरभाई म्हणाले, "वो तो रेल का कायदा है. मी तं एसटी चालवून राह्यलो." ताई म्हणाल्या, "रेल येईन तेव्हा येईन. तवरोक तुमीच थांबा." गफूरभाईंनी फलाटाकडं पाहिलं, पाटीकडं पाहिलं, गयामायच्या काठीकडं पाहिलं. मग इंजीन बंद केलं, स्वतः खाली उतरले आणि गयामायला हात देऊन वर चढवलं. दुसऱ्या दिवशीही थांबले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. त्यांच्यावर मेमो आला असं कानावर आलं होतं, त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. बाकीचे ड्रायव्हरही थांबायला लागले. वर्षभरात कागदावरही थांबा झाला, कारण जिथं गाडी थांबतेच तिथं "आवश्यकता दिसून येत नाही" असं कोणत्या तोंडानं लिहिणार?

मग लगेच निरोप आला, आता तर थांबा मिळाला, आता तरी तो अर्ज मागं घ्या. ताईंनी उलट टपाली कळवलं की थांबा एसटीचा आहे, अर्ज रेल्वेचा आहे, पाहणीला कधी येता? त्यानंतर दर वर्षी एप्रिल लागला की त्या एकच स्मरणपत्र पाठवायच्या. त्यात नवं काही नसायचं. पाहणीला या. उत्तर कधीच आलं नाही.

आलं ते ताई गेल्यावर. त्यांचं पुण्यानुमोदन, म्हणजे आमच्यातला दिवसांचा विधी, व्हायच्या आत. इतकी वर्षं ज्या कार्यालयाला दोन ओळी लिहायला सवड झाली नाही त्याला एकदम सवड झाली. "अर्जदार मयत झाल्याचे समजते, सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे." मी ते वाचलं आणि खरं सांगते, ताई गेल्या त्या दिवशी आलं नव्हतं इतकं रडू मला त्या वेळी आलं. पाहणी न करता सुटले ना शेवटी! मरणानं त्यांची सोय केली. आमच्या घरच्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, वाचला आणि पायांत चपला सरकवल्या. "चाल अकोल्याले," म्हणाले. ज्या अर्जापायी ते माझ्याशी अबोला धरून बसले होते, त्याच अर्जासाठी ते पुढं आणि मी मागं. मंगरूळपीरवरून जाणारी बस धरली, ती वस्तीवर थांबली तर गयामाय फलाटावर तयारच. तिला कोणी सांगितलं कोण जाणे. तीही चढली.

कार्यालयात टेबलामागं एक नवा कारकून होता, पोरगेलासा. त्याला म्हटलं, अर्जदार मेली पण अर्ज बंद करायचा नाही, आम्ही वारस लावायला आलो. खेड्यात मालक मेला की तलाठ्याकडं जाऊन वारस लावतात, जमीन वारसांच्या नावावर चढते, हे त्यालाही माहीत होतं. तो बावचळून म्हणाला, "अहो बाई, वारस जमिनीला लावतात. घराला लावतात. अर्जाला वारस कसा लावणार?" मी तोंड उघडायच्या आत गयामाय काठी आपटत पुढं झाली. "बापू, आमाले जमीन नाई. तिच्या मांगं हा अर्जच हाये. त्यालेच लाव."  कारकून आत गेला, कोणाशी तरी बोलला, बाहेर आला, आणि नियमात असं करता येत नाही असं कुठंही लिहिलेलं सापडत नाही म्हणाला. "सगळ्या वारसांच्या सह्या-अंगठे घेऊन या."

मागच्या रविवारी वस्तीतल्या ताईंच्या खोलीत आम्ही जमलो. ती खोली अजून आम्ही आवरलेली नाही. आवरायचीही नाही. कोनाड्यात पुस्तकं, खुंटीवर शाळेची छत्री, आणि खिडकीशी एक वेताची खुर्ची. ती खुर्ची ताईंनी वाशीमच्या बाजारातून आणली होती, पाहणीला साहेब येतील त्यांना बसायला. स्वतः त्या सतरंजीवर बसायच्या. भाऊ बसायला गेला तरी उठवायच्या. कोणी बसायचं नाही, साहेबांची खुर्ची आहे. दर आठवड्याला पुसायच्या. त्या दिवशी बाया एकेक करून आल्या. ज्या बाईनं शेळ्या हाकते म्हटलं होतं तीही आली, तिनं सही केली, आता तिला येते. गफूरभाई ड्यूटी संपवून आले आणि दारातूनच विचारलं, "मेरा नाम चलेगा?" कागदावर एक रकाना होता, मयताशी नातं. ज्यानं त्यानं जे सांगितलं ते मी लिहीत गेले. आमच्या घरच्यांनी "भाऊ" एवढंच सांगितलं आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी गयामायची पाळी आली. अंगठा द्यायला तिला खाली बसवेना, गुडघे वाकत नव्हते. मी खुर्ची ओढून पुढं केली. ती मागं सरकली. "अवं, साहेबाची हाये ते. अन् साहेब आले तं?"

मी तिला दंडाला धरून बसवलं. म्हटलं, "आले तं उभे राह्यतीन."